तोरणमाळला जायचंय, सही द्या!

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर जा आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. (वाळत घातलेल्या जीन्स जरा बाजूला सारा, मग दिसेल.) ऊस, केळी, पपई यांच्या शेतांपलीकडे एक लांबच लांब निळी रेघ दिसते. तो सातपुडा. लोणखेड्यात चार वर्षं काढायची, रोज ती रेघ बघायची आणि डिग्री घेऊन निघून जायचं, असं आपल्यापैकी निम्म्या लोकांचं होतं. उरलेले निम्मे तोरणमाळला जाऊन येतात, पण कसे जातात ते कोणाला सांगत नाहीत. हा लेख त्या 'कसे'बद्दल आहे.

आधी माझी थोडी ओळख, कारण 'हिला मराठी कधीपासून आलं?' असा प्रश्न वर्गातले लोक विचारणारच. मी नाशिकची, कॉन्व्हेंटवाली. शाळेत मराठी बोललं की दंड होता, त्यामुळे माझं मराठी घरी आजीकडून आणि हॉस्टेलमध्ये तुमच्याकडून शिकलेलं आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाच्या हवाली!

पण त्याच शाळेने मला डोंगर दाखवला. आठवीत गाईडमध्ये होते तेव्हा सिस्टर आम्हा साठ मुलींना घेऊन अंजनेरीला गेल्या होत्या. सिस्टरांचा पायघोळ पांढरा झगा, खाली कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. प्रत्येकीला एक जोडीदारीण ठरवून दिलेली. वाटेच्या प्रत्येक वळणावर शिट्टी वाजायची आणि आम्ही 'वन, टू, थ्री' करत साठपर्यंत मोजायचो. एकदा आकडा एकोणसाठवर थांबला. सिस्टरांचा चेहरा अजून आठवतो. साठावी मुलगी मागे बुटाची नाडी बांधत बसली होती! ती येईपर्यंत कोणी पाऊल पुढे टाकलं नाही. रात्री तंबूत झोपलो, पहाटे थंडीने दात वाजले, उपम्यात खडे लागले. त्या रात्री कुठल्या आईवडिलांना झोप लागली नसेल असं मला वाटत नाही, कारण आम्ही नक्की कुठे आहोत, कोणाबरोबर आहोत आणि उद्या किती वाजता परत येणार आहोत, हे शाळेच्या फळ्यावर लिहिलेलं होतं.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आता वीस वर्षांची आहे, मतदान करते, बँकेत माझं खातं आहे, थर्मोडायनॅमिक्समध्ये बॅकलॉगसुद्धा आहे. आणि आता मला एक रात्र डोंगरावर राहायचं असेल तर आउटपासवर खोटं लिहावं लागतं!

हे खोटं कसं असतं ते हॉस्टेलमधल्या सगळ्यांना माहीत आहे. मुलं तर लिहीतच नाहीत. शनिवारी दुपारी तीन बाइक, सात जण, म्हसावदला चहा आणि घाटात शर्यत. मुलींच्या वहीत मात्र 'कारण' नावाचा एक रकाना असतो आणि त्या रकान्यात तोरणमाळ मावत नाही. तिथे 'घरी', 'आजारी', 'मावसबहिणीचा साखरपुडा' एवढंच मावतं. माझ्या एका मैत्रिणीच्या मावसबहिणीचा गेल्या दोन वर्षांत चार वेळा साखरपुडा झाला आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगते. रेक्टर मॅडम हे मासिक वाचतात हे मला माहीत आहे. तरीही सांगते.

दोन पावसाळ्यांपूर्वीची. ऑगस्टचा शनिवार. आम्ही पाच जणींनी वहीत 'नंदुरबार, मैत्रिणीच्या घरी, एक मुक्काम' असं लिहिलं. मैत्रिणीच्या घरी मात्र 'रविवारी जेवायला येतो' असं कळवलं होतं. बेत असा की दिवसभर तोरणमाळ, संध्याकाळी खाली, रात्री उशिरा नंदुरबार. म्हणजे हिशेब बघा : हॉस्टेलला वाटतंय आम्ही नंदुरबारला, नंदुरबारला वाटतंय आम्ही हॉस्टेलला, आणि आमच्या घरच्यांना वाटतंय आम्ही सबमिशनची जर्नल्स पूर्ण करतोय. रविवार दुपारपर्यंत या जगात एकाही माणसाला आम्ही कुठे आहोत हे माहीत नव्हतं आणि शोधायला निघायचं कारणही नव्हतं.

तोरणमाळ ज्यांनी पावसात पाहिलंय त्यांना सांगायला नको. शहाद्यापासून पन्नासेक किलोमीटर, पण गाडी सातपायरी घाटातून वर चढली की देशच बदलतो. उंची साडेअकराशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सपाटीपेक्षा हजारेक मीटर जास्त. पुस्तकातलं गणित म्हणतं की हजार मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं. आमच्या अंगातल्या ओल्या टी-शर्टना ते गणित फार लवकर कळलं. यशवंत तलावावर ढग इतके खाली आले होते की पलीकडचा काठ दिसेना. आम्हाला काय, हौस! फोटो, रील्स, गरम भजी, परत फोटो.

सीताखाईच्या कड्यापाशी पोचलो तेव्हा समोर धबधब्याचा नुसता आवाज होता, खाली पांढरं धुकं. 'थोडं पुढे गेलं की दिसेल' असं कोणीतरी म्हणालं. (मीच म्हणाले.) पुढचा दगड शेवाळलेला होता. आमच्यातली एक घसरली. दरीच्या बाजूला नाही, अलीकडे. हे वाक्य लिहिताना अजून हात थांबतो. पाय मुरगळला, दहा मिनिटांत घोटा टम्म सुजला. तिला दोन्ही बाजूंनी धरून स्टँडपर्यंत यायला इतका वेळ लागला की शेवटची गाडी निघून गेलेली. फोनला रेंज नाही. अंधार पडायला आला, पाऊस चालूच. त्या वेळी मला काय आठवलं असेल? सिस्टरांची शिट्टी. आकडा एकोणसाठवर थांबला तर मागे वळून बघणारं कोणीतरी होतं.

बकऱ्या घेऊन घरी निघालेल्या एका आजींनी आम्हाला पाहिलं. त्या पावरी बोलत होत्या, आम्हाला कळेना. त्यांचा नातू आश्रमशाळेत सातवीला, तो दुभाषा झाला. आजी आम्हाला घरी घेऊन गेल्या. कुडाच्या भिंती, मध्ये चूल, एका बाजूला बकऱ्या. त्यांनी मैत्रिणीच्या पायाला शेक दिला, फडक्याने घट्ट बांधला, ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. आम्ही पाच जणी त्यांच्या घरातलं सगळं अंथरूण घेऊन झोपलो. त्या स्वतः कशावर झोपल्या ते मी पाहिलंच नाही. जेवताना आजींनी काहीतरी विचारलं आणि नातवाने मराठीत सांगितलं, "आजी विचारते, घरी वाट बघत असतील ना?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. कोणी वाट बघत नव्हतं. तशी व्यवस्था आम्हीच चोख केली होती.

सकाळी जीपने खाली आलो. शहाद्याला डॉक्टरांनी एक्स-रे काढला, बारीक फ्रॅक्चर निघालं. हॉस्टेलमध्ये सांगितलं की जिन्यावरून पडली. मॅडम, त्या जिन्याच्या पायऱ्या तुम्ही नंतर सिमेंटने दुरुस्त करून घेतल्या. त्यांचा काही दोष नव्हता.

ही गोष्ट मी माझ्या रूममेटला सांगितली. ती धडगाव तालुक्यातली, पावरा, सिव्हिलला आहे. मला वाटलं घाबरेल, निदान हळहळेल तरी. तिने पहिला प्रश्न विचारला, "वर कोण राहतं तुमचं?"

"कोणी नाही. ट्रेकला गेलो होतो."

"मग चढलात कशाला?"

याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. ती पहिलीपासून आश्रमशाळेत. जूनमध्ये वडिलांबरोबर चार तास चालत जायची, वडिलांच्या डोक्यावर तिची पेटी. दिवाळीला तीच वाट उलटी. वाटेत दोन ओढे. पाणी जास्त असेल तर ते उतरेपर्यंत काठावर बसून राहायचं, मग रात्र झाली तरी चालेल. 'पाणी उतरेपर्यंत बसायचं' हे वाक्य ती इतक्या साधेपणाने म्हणाली, जसं आपण 'लाइट येईपर्यंत थांबू' म्हणतो. आम्ही पाच जणींनी मिळून सीताखाईवर दहा मिनिटं थांबलो असतो तरी धुकं हटलं असतं.

आणि दुसरी गोष्ट. निघताना आम्ही आजींच्या ताटाखाली पाचशेची नोट ठेवली होती, त्या घेईनात म्हणून. हे मी जरा अभिमानानेच सांगितलं. रूममेट चिडली. "द्यायचे होते तर हातात द्यायचे, पोराच्या वहीला म्हणून. ताटाखाली काय ठेवतेस, चोरासारखं!" मला दोन दिवस राग आला होता. मग गेला.

आता मुद्द्यावर येते. माझं म्हणणं असं की कॉलेजने डोंगरावर जायला रीतसर परवानगी द्यावी, मुलींनाही द्यावी आणि मुक्कामाची द्यावी. एन.एस.एस.च्या शिबिरात आम्ही सात-सात दिवस खेड्यात राहतो, शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपतो, शोषखड्डे खणतो. तेव्हा आम्ही मुली आहोत हे कोणाच्या आड येत नाही. फावडं हातात असलं की मुलगी सुरक्षित आणि पाठीवर सॅक असली की असुरक्षित, हे मला समजत नाही.

पण मॅडमांच्या बाजूचा जो प्रश्न आहे, 'काही झालं तर जबाबदारी कोणाची?', तो मी हसण्यावारी नेणार नाही. ८ जून २०१४ ची घटना आठवा. हैदराबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी हिमाचलमध्ये बियास नदीच्या पात्रात दगडांवर उभे राहून फोटो काढत होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं आणि २४ मुलं-मुली वाहून गेली. आपल्याच वयाची, आपल्याच शाखांची. ती सहल चोरून काढलेली नव्हती. कॉलेजची होती, बरोबर प्राध्यापक होते, टूरवाला होता. मग सही असूनही काय झालं? त्या पात्रात उतरायचं नसतं, वरून पाणी कधीही येतं, हे सांगणारा तिथला एकही माणूस त्या क्षणी त्यांच्याजवळ नव्हता.

अनुभवी असणंही पुरत नाही. संधण दरी सगळ्यांना दाखवणारे अरुण सावंत, ज्यांनी अर्धा सह्याद्री पायाखाली घातला होता, ते जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर गेले. डोंगर बायोडाटा वाचत नाही. म्हणून माझ्या मागणीत नुसती सही नाही. सहीबरोबर आणखी काही पाहिजे, आणि ते मागताना मला मॅडमांपेक्षा आपल्या मुलांशीच जास्त भांडायचं आहे.

कारण आपण डोंगरावर जाऊन करतो काय? पवना धरणाच्या काठी जे चालतं ते आपल्याला इथे पाहिजे असतं. ओळीने लावलेले तंबू, बार्बेक्यू, मोठा स्पीकर, शेकोटी. नाशिकला हरिहरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या रील्समध्ये गाजल्या आणि रविवारी तिथे मुंबईच्या लोकलसारखी रांग लागायला लागली. वरचे खाली येऊ शकत नाहीत, खालचे वर जाऊ शकत नाहीत. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, तिथे सूर्योदयाला उभं राहायला जागा मिळाली तर नशीब. २०२१ मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांना नोंदणी लावली, चांगलं झालं. पण सात मित्र आणि तीन बाइक यांची नोंदणी कोण करणार? गेल्या हिवाळ्यात मी तलावाकाठी थर्माकोलच्या प्लेट्स आणि फुटलेल्या बाटल्या पाहिल्या. एका प्लेटवर आपल्याच फेस्टचं स्टिकर होतं. कुठल्या वर्षाचं, ते सांगत नाही, पण कमिटी अजून कॉलेजात आहे.

शेकोटीचंही तेच. आपण रात्री गाण्यांसाठी जे लाकूड जाळतो ते कोणाच्या तरी चुलीचं असतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात तेव्हा डोंगरातली अख्खी कुटुंबं पहाटेपासून झाडाखाली वेचायला बसतात. मे महिन्यात कैऱ्या कापून आमचुरासाठी वाळत घालतात, ऑक्टोबरात सीताफळांच्या पाट्या खाली बाजारात येतात. आपल्याला ज्या 'जंगलात' एन्जॉय करायचं असतं ते त्यांचं शेत, दुकान, माजघर सगळं आहे. माझ्या घरी येऊन कोणी ओट्यावर स्पीकर लावला तर आई काय करेल ते मला माहीत आहे.

इर्शाळवाडी आठवते? खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत ठाकरांची छोटी वाडी होती. गडावर जाणारे कितीतरी ट्रेकर्स त्या वाडीतून गेले, तिथे पाणी प्यायले, जेवले. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला आणि वाडी त्याच्याखाली गेली. वर गाडीरस्ता नव्हता, मदत करणाऱ्यांना पावसात, अंधारात पायीच चढावं लागलं, आणि त्यात ती वाट आधीपासून ठाऊक असलेले ट्रेकर्स होते. रूममेटच्या प्रश्नाचं, 'वर कोण राहतं तुमचं?', थोडंफार उत्तर त्यांच्याकडे होतं. ते त्या घरांत जेवले होते.

तर मला जो हायकिंग क्लब डोळ्यांसमोर दिसतो तो असा. वॉचमनकाकांच्या टेबलावर आणखी एक वही. तिच्यात 'कारण' रकाना नको. कुठे जाणार, कोणत्या वाटेने, कोण कोण, किती वाजता परत, आणि परत आला नाहीत तर कोणाला कळवायचं, एवढंच लिहायचं. मुलांनीही लिहायचं, हे जास्त महत्त्वाचं. ट्रिपल सीट घाट चढणाऱ्या आमच्या वीरांनी लक्षात ठेवावं, २०२५ च्या धनत्रयोदशीला अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली आणि माणसं गेली. त्यातले बहुतेक घाट जन्मापासून ओळखणारे असतील. त्यामुळे जायचं ते एस.टी.ने, दिवसाउजेडी. सुरुवात उनपदेवच्या गरम झऱ्यासारख्या जवळच्या, एका दिवसाच्या ठिकाणापासून. पावसाळ्यात मुक्काम नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत तोरणमाळ, तेही चालत, आणि राहायचं ते वनखात्याला, गावाला विचारून. एकदा जमलं की मग अस्तंबा. अश्वत्थामा कपाळावरची जखम घेऊन अजून तिथे फिरतो आणि तेल मागतो म्हणतात. तेराशे मीटरवर कोणी तेल मागितलं तर आमच्या मेसच्या भाजीतलं देता येईल, भरपूर असतं.

आणि वाट दाखवायला बाहेरून गाइड आणायची गरज नाही. आपल्या हॉस्टेलमध्ये धडगावचे, अक्कलकुव्याचे, मोलगीकडचे किती विद्यार्थी आहेत ते मोजा. गॅदरिंगला आपण त्यांना ढोल घेऊन नाचायला बोलावतो, होळीचे मोरपिसांचे टोप घालून फोटो काढतो. या डोंगरांतलं पाणी, वाटा, धुकं त्यांना जेवढं कळतं तेवढं युट्यूबवरच्या कुठल्याही ट्रेकरला कळत नाही, आणि आजपर्यंत एकाही शनिवारी कोणी त्यांना 'चल, तू पुढे चाल' म्हटलेलं मी ऐकलं नाही. मीही नव्हतं म्हटलं. माझ्या शेजारच्या कॉटवर ती दोन वर्षं झोपत होती आणि मी गूगल मॅप्स बघत होते.

गेल्या आठवड्यात मी अर्ज केला. आम्ही सहा जणी, रूममेट पुढे. तिच्या गावी एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी चालत तोरणमाळ, तिसऱ्या दिवशी एस.टी.ने परत. सहाही घरांतून पालकांच्या सह्या आणल्या. माझ्या बाबांनी सही करायला चार दिवस घेतले आणि सही करताना 'टॉर्चचे सेल नवीन घे' एवढंच म्हणाले. 'कारण' रकान्यात मी 'डोंगर चढणे' असं लिहिलं.

रेक्टर मॅडमांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे संपर्कासाठी रूममेटच्या वडिलांचा मोबाइल नंबर होता आणि पुढे कंसात मी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'रेंज फक्त टेकडीवर गेल्यावर येते.'

"आणि टेकडीवर कधी जातात ते?" मॅडमांनी विचारलं.

रूममेट म्हणाली, "रोज संध्याकाळी. बकऱ्या आणायला."

मॅडमांनी ते पेनने अर्जावर लिहून घेतलं. सही अजून झालेली नाही. अर्ज टेबलावर पेपरवेटखाली आहे, आज सकाळी जाताना मी बघितला.